फळीचं तोंड

निंबाऱ्याच्या क्रीडासंकुलाच्या दारात पितळेची एक पट्टी होती, जेमतेम वीतभर. तिच्यावर कोरलेलं होतं, ‘जमीन : स्वरूपा सुतार’. महिन्यातून एकदा स्वरूपा चिंचेचा गोळा घेऊन यायची आणि ती पट्टी घासून लख्ख करून जायची.

“देवघरातल्या समईला एवढी चिंच मिळत न्हाई,” आण्णा, म्हणजे तिचे वडील, म्हणायचे.

“समई मी नाही केली, आण्णा,” ती म्हणायची. “ही जमीन मी केलीय.”

आणि खरंच केली होती. अडीच हजार फळ्या, सगळ्या अ‍ॅशच्या लाकडाच्या. आजरा-गडहिंग्लज पट्ट्यातले सुतार पिढ्यानपिढ्या सागाफणसात हात घालून बसलेले. अ‍ॅश हे नाव कानावर आलं तेव्हा निम्म्यांनी ते झाड आहे हेच मानलं नाही. मग कुणीतरी सांगितलं, अरे, क्रिकेटचे स्टंप करतात ते! तेव्हापासून त्याचं नाव ‘स्टंपाचं लाकूड’ पडलं ते पडलंच. आण्णांनी पहिली फळी हातात घेऊन नखानं टोकरली, वास घेतला आणि परत दिली.

“गोरं हाय. पण अंगात तेल न्हाई. सागापुढं ही म्हणजे टायफॉइडमधनं उठलेली पोरगी.”

अंगात तेल नाही, हाच तर त्या लाकडाचा गुण होता. अ‍ॅशचं झाड दर वसंतात नव्या लाकडाचं एक कडं घालतं आणि त्या कड्यात पाणी वर न्यायला रुंद नळ्या ठेवतं, इतक्या रुंद की कापलेल्या टोकाला सुईनं टोचल्यासारखी भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. सागाच्या अंगात तेल मुरलेलं, तो बाहेरचं काही आत घेत नाही. अ‍ॅश मात्र तहानलेलं. शास्त्रज्ञांनी नेमकी ती तहान हेरली. त्यांनी अ‍ॅशचे दोन थर घेतले. एकाला अशा द्रावणात बुडवलं की त्याच्या नळ्यांत मिठाहून बारीक स्फटिक उगवले. दुसऱ्याला सिलिकोन पाजलं. मग दोन्ही थर एकावर एक ठेवून फळी बनवली. थंडीत स्वेटर डोक्यातून काढताना केस उभे राहतात ना, तीच गंमत इथे होती. फळीवर पाय पडला की थर एकमेकांवर दाबले जात, एक थर विद्युतभार देई, दुसरा घेई आणि कडेच्या खाचेतल्या तारेतून चिमूटभर वीज धावे. लाकूड लवचीक, त्यामुळे लाखो पावलं पडली तरी पुन्हा जागच्या जागी.

सुरुवातीची काही वर्षं लोक त्या विजेवर दिवे लावून खूश होते. मग लक्षात आलं की दिव्यापेक्षा मोलाचा ऐवज पावलातच आहे. टाच आधी टेकली की चवडा, डावा पाय किती रेंगाळला, भार कुठे कलला, हे सगळं त्या विजेत उमटत होतं. जमीन माणसाची चाल वाचू लागली. दवाखान्यांत म्हाताऱ्यांचा तोल जायच्या आधीच घंटा वाजू लागल्या. लग्नाच्या हॉलात ही जमीन घालून होणाऱ्या सुनेची चाल तपासायची टूमसुद्धा निघाली होती. ती कोर्टानं बंद पाडली. खेळात मात्र नियमच झाला. राज्याच्या संघात जायचं तर जमिनीचा शेरा हवा. हिरवा, पिवळा किंवा तांबडा.

त्या शनिवारी निंबाऱ्याच्या जमिनीनं एकच तांबडा शेरा दिला. तो शर्वीला होता. स्वरूपाच्या लेकीला.

सोळा वर्षांची शर्वी व्हॉलीबॉलमध्ये चार नंबरला खेळायची, म्हणजे नेटजवळ डाव्या हाताला. तिथून ती उडी मारायची तेव्हा बघणारे क्षणभर श्वास घ्यायला विसरत. तिच्या कोच मुल्ला मॅडम कौतुक जपून खर्च करणाऱ्या, त्याही एकदा म्हणाल्या होत्या, “ही पोरगी वर जाते ती परत यायचं विसरूनच.”

आता त्याच मॅडम पडद्यावरचं वाचून दाखवत होत्या. उडीवरून खाली येताना डावा गुडघा आत झुकतो. गुडघ्यातला अस्थिबंध येत्या दोन-तीन महिन्यांत तुटण्याची शक्यता शंभरात ऐंशी. सहा महिने व्यायाम, मग फेरतपासणी.

“पण मला दुखत नाही मॅडम! एकदापण दुखलेलं नाही.”

“न दुखताच तुटतो तो, बेटा. म्हणून तर जमीन लागते.”

संघ आठ दिवसांनी निघणार होता. पुढच्या वर्षी शर्वीचं वय त्या गटात बसणार नव्हतं.

घरी आल्यावर तिनं बूट अंगणात भिरकावले. एक तुळशीपाशी पडला, एक आण्णांच्या रंद्यावर.

“आई, तुझी जमीन चुगलखोर आहे,” ती म्हणाली. “तुझ्या बोटाला धरून चालायला शिकले ना मी? मग माझी चाल तिला कळते, तुला कशी नाही कळली?”

स्वरूपानं बूट उचलून कोनाड्यात ठेवले. तिचा नवरा सतीश गोव्यात नोकरीला, पंधरवड्यानं घरी येणारा. त्याला फोनवर सांगतानासुद्धा तिनं एवढंच म्हटलं, “पोरीचं मन मोडलंय. यायला जमतंय का बघ.”

दुसऱ्या दिवशी जेवताना आण्णांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला.

“स्वरूपे, त्या दाराकडच्या फळ्या तू फिरवल्या हुत्यास न्हवं?”

तिनं घास परत ताटात ठेवला.

सुतारांच्या घरात फळीला तोंड असतं आणि पाठ असते. ज्या अंगाला रेषा मोकळ्या वाहतात, डाग-गाठी नसतात, ते तोंड. उंबऱ्यातून आत येणाऱ्याला तोंडच दिसलं पाहिजे. पाठ दिसली तर घरमालक पाहुण्याकडे पाठ करून बसल्यासारखं. ही रीत आण्णांना त्यांच्या वडिलांनी शिकवली आणि आण्णांनी स्वरूपाला, ती एवढीशी असताना, रंद्याच्या भुग्यात बसवून. फळ्या बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं मात्र वेगळं होतं. स्फटिकांचा थर खाली. खालच्या अंगाला निळा शिक्का मारलाय. शिक्का खाली, बस्स. रेषा-बिषा बघायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी, काम संपायच्या दिवशी आण्णा जमीन बघायला आले होते. दारात उभे राहिले आणि दाराकडच्या तपकिरी डागांवर नजर पडताच म्हणाले, “पाव्हण्याला पाठ दाखवतीस?” कंपनीचा माणूस जेवायला गेला होता. शेजारच्या फळीच्या खाचेत बसणारी फळीची जीभ बरोबर मधोमध, त्यामुळे ती कशीही बसत होती. बापाच्या तोंडून “शाब्बास” ऐकायला आसुसलेल्या स्वरूपानं काही फळ्या फिरवल्या. संध्याकाळी घासाईत वर आलेले निळे शिक्के पुसले गेले, त्यावर पॉलिश चढलं आणि विषय संपला.

किती फिरवल्या? आठवेना. कुठपर्यंत? तेही आठवेना. दाराकडून आत सरकत गेली होती एवढं खरं. आणि चार नंबरची जागा दाराच्याच अंगाला होती.

जमिनीला जोडलेलं यंत्र दहा-दहा फळ्यांची वीज एकत्र मोजतं, हे तिला ठाऊक होतं. फळी उलटी असली की तिची वीजही उलटी, बेरजेऐवजी वजाबाकी. नऊ फळ्या खरं सांगणार आणि दहावी त्यातून वजा करणार. मग चांगला पडलेला पायही जमिनीला लंगडा दिसणार.

“म्हणजे पोरीचा पाय ठीक आसंल,” आण्णा म्हणाले. मग अगदी हळू आवाजात, “आन् चूक माजी.”

“हात माझे होते, आण्णा.”

ती जागची उठली. फळ्या उलट्या निघाल्या तर शर्वी संघात जाणार होती. आणि स्वरूपाचं नाव जाणार होतं. दोन वर्षांत त्या जमिनीनं दिलेल्या प्रत्येक शेऱ्यावर काट मारली गेली असती. पुढच्या महिन्यात बेळगावचं मोठं काम सुरू व्हायचं होतं, तेही ‘निंबाऱ्याची जमीन करणारी बाई’ म्हणूनच मिळालेलं. हे सगळं तिला उंबरा ओलांडायच्या आतच कळलं होतं. तरी तिनं चपला घातल्या.

“स्वरूपाताई, काय बोलताय ते कळतंय का तुम्हाला?” सगळं ऐकून मुल्ला मॅडम म्हणाल्या.

“कळतंय.”

“कंपनीचा इंजिनियर यायला तीन आठवडे लागतील. तोवर संघ खेळून परत येईल. नियमात एक वाट आहे. जमीन घालणाऱ्यानं फळ्या उचलून बघायच्या आणि लेखी द्यायचं. उलट्या निघाल्या तर शेरा रद्द. पण खाली सही तुमची. त्यानंतर कोण काम देईल तुम्हाला?”

“तुम्ही कागद काढून ठेवा, मॅडम. मी हत्यारं घेऊन येते.”

बुधवारी सकाळी ते चौघं हॉलमध्ये जमले: स्वरूपा, आण्णा, मॅडम आणि शर्वी. शर्वी आईशी अजून बोलत नव्हती, पण पटाशांची पिशवी तिनंच उचलून आणली होती.

पावसाळ्यात लाकूड फुगतं म्हणून भिंतीशी बोटभर जागा सोडलेली असते. तिथून स्वरूपानं सुरुवात केली. कडेची पट्टी काढली, पहिली फळी सैल केली, अलगद बाहेर ओढली. तळाचा शिक्का डिंकाबरोबर सोलून निघाला होता, त्यामुळे डोळ्यांना काही कळायची सोय नव्हती. पण अडीच हजार फळ्या हाताखालून गेलेल्या. तिनं पटाशीनं कडेचा कोपरा तासला आणि थरांवरून नख फिरवलं. सिलिकोनचा थर साबणासारखा निसटता लागायचा, स्फटिकांचा थर मीठ सांडल्यासारखा कुरकुरायचा.

कुरकुर वरच्या थरात होती.

“उलटी,” ती म्हणाली. शर्वीनं मान वर केली.

दुसरी उलटी. तिसरीही. दारासमोर अशा सात निघाल्या. दोन वर्षं शेकडो मुलींनी ज्यांच्यावरून ये-जा केली त्या फळ्यांची सुरेख तोंडं वर होती आणि आतलं सगळं उफराटं. त्या मैदानाच्या रेषेबाहेर होत्या. तिथली वीज यंत्र धरतच नसे. आठवी सुलटी निघाली, नववीही. एक-एक ओळ उचलत ती आत सरकू लागली. आण्णा फळ्या क्रमानं भिंतीशी लावत होते. जेवणाची वेळ टळून गेली आणि चार नंबरच्या जागेची पहिली फळी मोकळी झाली.

तिच्यावर मधोमध गवतात लपलेल्या सशासारखा तपकिरी डाग होता. तो बघताच स्वरूपाला सगळं लख्ख आठवलं. ही फळी तिनं फिरवायला उचलली होती. अगदी छातीपर्यंत उचलली होती. तेवढ्यात कंपनीचा माणूस हॉटेलात जेवण संपलं म्हणून कुरकुरत परत आला होता आणि तिनं ती मुकाट्यानं होती तशी ठेवली होती.

तरी तिनं कोपरा तासला. नख फिरवलं. वर निसटतं. खाली मीठ.

दुसरी. तिसरी. दहाही फळ्या बघितल्या. एक पुन्हा बघितली.

“आई?” चार दिवसांत शर्वी पहिल्यांदा तिच्याशी बोलत होती. “उलट्या आहेत ना?”

मॅडमच्या हातात कागद होता, पेनाचं टोपण काढलेलं. आण्णांनी एक फळी उचलून स्वतःचं नख फिरवलं आणि फळी खाली ठेवली. त्यांनाही कळलं होतं. ते लेकीकडे बघत राहिले, मग मान वळवून खिडकीबाहेर बघू लागले. ते काही बोलणार नव्हते. पहिल्या सात उलट्या निघालेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. आणखी दहांवर कुणाचाही विश्वास बसला असता. स्वतःच्या नावावर काळं फासून कुणी खोटं बोलेल, असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

स्वरूपानं लेकीच्या तोंडाकडे बघितलं. मग गुडघ्याकडे. त्या गुडघ्यावर सायकलवरून पडल्याची जुनी खूण होती, तिनंच हळद भरून बांधलेली.

“सुलट्या आहेत,” ती म्हणाली. “दहाच्या दहा. जमीन खरं सांगतेय.”

शर्वी निघून गेली. दारातल्या उचकटलेल्या जागेवरून तिनं एका ढांगेत उडी मारली, आणि ती टेकताना स्वरूपानं तिचा डावा गुडघा बघितला.

मॅडमनी पेन मिटलं. “मग लिहायचं काहीच राहिलं नाही. त्या सातांचा शेऱ्यांशी संबंध नाही. बसवून टाका.”

“लिहा मॅडम. सात फळ्या उलट्या. चूक माझी. मी सही करते.”

सही करताना तिला रडू येत होतं. आणि त्या रडण्याच्या तळाशी, लाज वाटावी असा, एक ताठ कणा होता. तिची जमीन खरी निघाली होती. घरच्या पोरीसाठीही खोटी पडली नव्हती.

“फळ्यांवर जास्त माया आहे तुझी,” घरी शर्वी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “बोलायचं होतंस की उलट्या म्हणून. तुझंच नाव गेलं असतं, त्याला तर तू तयारच होतीस.”

“नाव द्यायला तयार होते. गुडघा कसा देऊ?”

“पण मला काही होत नाहीये! कोण सांगतं? एक लाकूड सांगतं आणि तू त्याची री ओढतेस!”

स्वरूपा आत जाऊन पेटीतून ओळंबा घेऊन आली. दोऱ्याच्या टोकाला लोखंडी वजन. भिंत सरळ उभी आहे का बघायचं सुतारा-गवंड्यांचं जुनं हत्यार. वीज नाही, पडदा नाही.

“अंगणात ये. जमिनीचं नको ऐकू, माझंही नको ऐकू.”

“काय हे आई...”

“ये म्हटलं ना, बाळा.”

अंगणात मातीची भुई, सारवलेली. स्वरूपानं स्टूल ठेवलं. “यावरून डाव्या पायावर उडी मार, आणि जशी टेकशील तशीच थांब. हलायचं नाही.”

शर्वीनं ओठ आवळून उडी मारली. ती टेकताच स्वरूपानं ओळंब्याचा दोरा तिच्या कमरेच्या हाडाशी धरला. वजन दोन झोके खाऊन बरोबर पायाच्या बोटांवर स्थिरावलं.

“आता खाली बघ.”

दोरा सरळ होता. गुडघा सरळ नव्हता. तो दोऱ्याच्या आत, दुसऱ्या गुडघ्याकडे झुकला होता.

“उजव्या पायावर मार.”

उजवा गुडघा दोऱ्यामागे लपला.

शर्वीनं न सांगता पुन्हा डावी उडी मारली. पुन्हा तेच. मग तिनं वाकून दोरा आणि गुडघा यांच्यामध्ये स्वतःची बोटं घालून बघितली. अडीच बोटं. बराच वेळ ती तशीच वाकलेली होती. ओसरीवरून आण्णा म्हणाले, “आगं, भिंत कलली तर पाडतोय व्हय आपण? टेकू देतोय.” तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही. आत निघून गेली आणि दार लोटून घेतलं.

रविवारी सकाळी संघाची बस निघायची होती. त्याच सकाळी स्वरूपा दारासमोरच्या शेवटच्या ओळीत गुडघे टेकून बसली होती. मधल्या तीन दिवसांत आतल्या ओळी बसवून झाल्या होत्या. सात फळ्या आता स्फटिकांचा थर खाली, डाग वर अशा बसत होत्या. आण्णांनी स्वतः एक-एक हातात दिली. सातवी देताना तिच्या मळकट अंगावरून हात फिरवत ते म्हणाले, “वंगाळ दिसतंय.” मग ठोकणी उचलून त्यांनीच ती जागेवर बसवली. बेळगावकडून अजून फोन नव्हता. येईल की नाही, कुणी सांगावं. बाहेर मुलींचा गलका, मॅडमची हजेरी, बसचा हॉर्न. स्वरूपानं मान वर केली नाही. शर्वी घरी पांघरुणात तोंड खुपसून असेल, ही बस जाईपर्यंत आपणही इथेच बसून राहावं, असं तिच्या मनात होतं.

बस गेली. हॉल शांत झाला.

“किती वेळ शोधतेय तुला.”

शर्वी दारात उभी होती. डोळे सुजलेले, केस घट्ट बांधलेले. एका हातात घरचं स्टूल, दुसऱ्या हातात ओळंबा. ती मुलींच्या बॅगा बसवर चढवून आली होती. तळहातांना टपाची धूळ लागलेली होती.

तिनं स्टूल नेऊन चार नंबरच्या जागेवर ठेवलं, ओळंबा आईच्या हातात दिला आणि वर चढली.

“यंत्र बंद आहे का?”

“बंद आहे.”

“बरं आहे. तू बघ. आणि खरं सांग.”

तिनं उडी मारली. फळ्या किंचित लवल्या आणि तिला झेलून परत सपाट झाल्या. स्वरूपानं दोरा धरला. वजन थरथरत थांबलं. मांडी थरथरत होती, पण शर्वी दात आवळून गुडघा बाहेर ढकलत होती आणि जागची हलत नव्हती. लेकीच्या कपाळावरची शीर एवढ्या जवळून स्वरूपानं ती जन्मली तेव्हा पाहिली होती. तिनं खाली वाकून बोटं घातली. खूप वाटलं, एक बोट कमी सांगावं.

“सव्वादोन.”

“नक्की?”

“नक्की.”

शर्वीनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

“अडीच होतं,” ती म्हणाली आणि पुन्हा स्टुलावर चढली.